आपटलेल्या ‘झॅब्रिस्की पॉइंट’चे पुढे काय झाले

फेब्रुवारी 1970 मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘झॅब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटावर एमजीएम स्टुडिओने सुमारे 70 लाख डॉलर खर्च केले होते, आणि अमेरिकेतील तिकीटबारीवर त्याला 10 लाख डॉलरही मिळाले नाहीत. दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनिओनी यांची गणना त्या वेळी जगातील अग्रगण्य दिग्दर्शकांत होत होती, विषय त्या घडीचा सर्वांत ज्वलंत होता आणि संगीतासाठी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडला पाचारण केलेले होते. तरीही समीक्षकांनी चित्रपटाला झोडपून काढले आणि ज्या तरुणांसाठी तो काढला होता, त्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली. 1978 साली अमेरिकेत ‘आजवरच्या पन्नास सर्वांत वाईट चित्रपटां’ची खिल्ली उडवणारे एक पुस्तक निघाले, त्यातही त्याला जागा मिळाली. आज हाच चित्रपट जुन्या चित्रपटांच्या महोत्सवांत आवर्जून दाखवला जातो आणि अभ्यासक त्याच्यावर गांभीर्याने लिहितात. चित्रपट होता तसाच आहे, त्याच्याविषयीचे मत मात्र पालटले. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी हा चित्रपट फार चांगले उदाहरण आहे, कारण त्याचे पुनर्वसन पूर्ण झालेले नाही आणि त्यामुळे त्यामागची प्रक्रिया अजून उघडी दिसते.

आधी काळ समजून घेतला पाहिजे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तरुणांचा एक मोठा वर्ग आपल्या आईवडिलांच्या जगण्याची पद्धतच नाकारू लागला होता. व्हिएतनामचे युद्ध, सक्तीची सैन्यभरती, कृष्णवर्णीयांवरील अन्याय आणि उपनगरातले घर, मोटार, फ्रिज यांभोवती फिरणारे सुखवस्तू आयुष्य, या सगळ्यांविरुद्धचे बंड कधी विद्यापीठांतल्या संपांतून, कधी लांब केस, रॉक संगीत, अमली पदार्थ आणि सामूहिक वस्त्यांतून व्यक्त होत होते. या सगळ्याला मिळून प्रतिसंस्कृती म्हटले जाते. तिच्यात राजकीय क्रांतीची भाषा बोलणारे होते, तसेच राजकारणाकडे ढुंकूनही न पाहणारे होते, आणि या दोन गटांचे आपसात फारसे पटत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सगळे एकच वाटत. स्टुडिओंनाही तसेच वाटले. 1969 साली अवघ्या चार लाख डॉलरच्या आसपास खर्चून काढलेल्या ‘ईझी रायडर’ने कोट्यवधी डॉलर मिळवले, तेव्हा तरुणांना हवे ते द्यायचे म्हणजे नेमके काय, हे न कळताही ते देण्याची हॉलिवूडमध्ये घाई सुरू झाली.

एमजीएमने अँतोनिओनींशी करार केला तो याच्याही आधी. निर्माते कार्लो पाँती यांच्यामार्फत इंग्रजीत तीन चित्रपट करण्याचे ठरले होते. त्यांतला पहिला, लंडनमध्ये घडणारा ‘ब्लो-अप’, 1966 साली आला, अनपेक्षितपणे भरपूर चालला आणि पुढच्या वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिकही घेऊन गेला. लंडनच्या तरुणाईचे जे केले तेच आता अमेरिकेच्या तरुणाईचे करावे, अशी स्टुडिओची साधी अपेक्षा होती. अँतोनिओनी तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते, इटलीतल्या फेरारा शहरातून आलेले होते आणि इंग्रजीत सराईत नव्हते. आपल्याला परका असलेला देश, परकी पिढी आणि परकी भाषा एकाच वेळी हाताळायला ते निघाले होते. ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे म्हणता येत नाही, कारण पटकथेसाठी त्यांनी त्यांचे जुने सहकारी टोनिनो ग्वेरा आणि क्लेअर पेप्लो यांच्याबरोबर सॅम शेपर्ड हे तरुण अमेरिकी नाटककार आणि युद्धविरोधी चळवळीतले फ्रेड गार्डनर यांनाही घेतले. अर्थात इतक्या हातांनी लिहिलेल्या पटकथेत एकसंध आवाज राहिला नाही, हेही खरे.

कथा अगदी थोडी आहे. लॉस एंजेलिसमधील विद्यार्थ्यांच्या एका सभेत क्रांतीवर काथ्याकूट चाललेला असताना मार्क नावाचा तरुण कंटाळून उठून जातो. पुढे विद्यापीठाच्या आवारात पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक पोलीस गोळी लागून मरतो. ती गोळी मार्कची होती की नाही, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. मार्क एक लहान विमान पळवतो आणि वाळवंटाकडे उडतो. तिकडे डॅरिया नावाची तरुणी जुन्या मोटारीतून फिनिक्सकडे निघालेली आहे. तिचा मालक वाळवंटात ‘सनी ड्यून्स’ नावाची वसाहत उभारून विकणाऱ्या कंपनीत मोठा अधिकारी आहे. डेथ व्हॅली या कॅलिफोर्नियातील वाळवंटी दरीतल्या झॅब्रिस्की पॉइंट या ठिकाणी दोघे काही तास एकत्र काढतात. त्यांच्या प्रणयाच्या वेळी त्या भुरकट टेकड्यांवर धुळीने माखलेली आणखी कितीतरी जोडपी दिसू लागतात आणि नाहीशी होतात. मार्क विमान परत करायला जातो आणि धावपट्टीवर पोलिसांच्या गोळीने मरतो. डॅरियाला ती बातमी मोटारीतल्या रेडिओवर कळते. ती मालकाच्या खडकातल्या आलिशान बंगल्यापर्यंत पोहोचते, तिथून परत फिरते, थांबून वळून पाहते आणि तो बंगला तिच्या मनात स्फोटाने उद्ध्वस्त होतो. एकदा होतो, पुन्हा होतो, वेगवेगळ्या बाजूंनी होत राहतो. मग निळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर दूरचित्रवाणी संच, फ्रिज, कपडे, पावाचे पाकीट आणि पुस्तके संथगतीने उधळत राहतात. या प्रसंगासाठी 17 कॅमेरे लावले होते.

आता चित्रपट का पडला, या प्रश्नाकडे वळू. त्याची कारणे वेगवेगळ्या जातीची आहेत आणि पुढे मत कसे बदलले हे समजण्यासाठी त्यांची गल्लत करून चालणार नाही.

पहिले कारण अभिनयाचे, आणि ते निखळ दोषाचे आहे. मार्क फ्रेशेट आणि डॅरिया हॅल्प्रिन हे दोघेही व्यावसायिक नट नव्हते. फ्रेशेट निवडला गेला तो बॉस्टनमधल्या एका बसथांब्यावर कोणाशी तरी कडाक्याने भांडताना दिसला म्हणून. हॅल्प्रिन ही प्रसिद्ध नर्तकी ॲना हॅल्प्रिन यांची मुलगी. दोघांचे चेहरे पडद्यावर विलक्षण दिसतात, पण त्यांनी तोंड उघडले की संवाद पाठ केल्यासारखे येतात. भोवती विद्यार्थ्यांच्या सभेसारखी दृश्ये आहेत, ज्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीच्या कॅथलीन क्लीव्हर स्वतः बसलेल्या दिसतात आणि जी जवळजवळ माहितीपटासारखी जिवंत वाटतात. त्यांच्या शेजारी नायक-नायिकेचे बोलणे आणखी कृत्रिम ठरते.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. चित्रपटाने एकाच वेळी परस्परविरोधी लोकांना दुखावले. चित्रीकरण चालू असतानाच वृत्तपत्रांतून तो अमेरिकाविरोधी असल्याची कुजबुज सुरू झाली होती. वाळवंटातल्या सामूहिक प्रणयदृश्यावरून केंद्र सरकारच्या न्यायखात्याने, अनैतिक कारणासाठी स्त्रियांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचा गुन्हा होतो का, याचीही चौकशी केली. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, पण चित्रपटगृहात पोहोचण्याआधीच चित्रपटावर शिक्का बसला. दुसऱ्या बाजूला, चळवळीतल्या तरुणांना तो उथळ वाटला. ज्यांनी स्वतः लाठ्या खाल्ल्या होत्या, ज्यांचे मित्र व्हिएतनामला गेले होते, त्यांना एका पाहुण्या इटालियन दिग्दर्शकाने आपले बंड जाहिरातीतल्यासारख्या देखण्या चौकटींत बसवावे, हे रुचले नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे व्हिन्सेंट कॅन्बी आणि न्यूयॉर्करच्या पॉलीन केल या वजनदार समीक्षकांनी नापसंती दाखवली, तेव्हा चित्रपटाची बाजू घेणारा कुठलाच मोठा गट शिल्लक नव्हता. सनातन्यांना चिडवणारा चित्रपट बंडखोरांच्या पाठिंब्यावर तरतो. याला दोन्ही घरे बंद झाली.

तिसरे कारण स्टुडिओच्या आतले. 1969 मध्ये लास व्हेगासचे उद्योगपती कर्क कर्कोरियन यांनी एमजीएमचा ताबा घेतला आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यातून आलेल्या जेम्स ऑब्री यांना प्रमुख नेमले. ज्या व्यवस्थापनाने चित्रपट मंजूर केला होता, ते प्रदर्शनाच्या वेळी जागेवर नव्हते, आणि नव्या व्यवस्थापनाला दुसऱ्याच्या खर्चिक हौसेचे कौतुक असण्याचे कारण नव्हते. अखेरच्या श्रेयनामावलीवर अँतोनिओनींच्या संमतीशिवाय रॉय ऑर्बिसन यांचे एक गोड प्रेमगीत चिकटवण्यात आले. स्फोटांच्या त्या दृश्यानंतर ते गाणे ऐकताना दिग्दर्शकाचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. 1970 च्याच मे महिन्यात या स्टुडिओने आपल्या गोदामांतले पोशाख, फर्निचर आणि सामानसुमान लिलावात काढले. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले लाल चमचमते बूट तेव्हाच 15 हजार डॉलरना विकले गेले. वस्तूंच्या ढिगाऱ्यावर उभा असलेला सुखी अमेरिकी संसार पडद्यावर उधळणाऱ्या स्टुडिओने स्वतःचाही ढिगारा उधळून टाकावा, हा योगायोग कुणा पटकथालेखकाला सुचला असता तर अतिशयोक्ती म्हणून कापला गेला असता.

आणि शेवटी वेळ. ऑगस्ट 1969 मधल्या वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाने जागवलेला आशावाद त्याच वर्षीच्या डिसेंबरात आल्टामाँटच्या मैफलीतल्या हत्येने झाकोळला होता. चित्रपट आला तेव्हा त्यातली स्वप्नाळू प्रणयदृश्ये शिळी वाटत होती आणि त्यातला पोलिसी गोळीबार अजून अतिरंजित वाटत होता. चित्रपटगृहांतून तो उतरल्यावर, 4 मे 1970 रोजी, ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या सैनिकांनी चार विद्यार्थ्यांना गोळ्या घालून मारले.

या चार कारणांतले पहिले, म्हणजे अभिनयाचे, आजही जसेच्या तसे आहे. बाकीची तीन काळाबरोबर विरली. स्टुडिओचे राजकारण आता फक्त इतिहासकारांना ठाऊक आहे, न्यायखात्याची चौकशी हसण्याचा विषय झाली आहे, आणि ‘आमचे बंड तुम्ही चुकीचे दाखवले’ असे म्हणणारी पिढी आता आजी-आजोबांच्या वयाची आहे. 1970 चा प्रेक्षक या चित्रपटाकडे वार्तांकन म्हणून पाहत होता आणि वार्तांकन म्हणून तो नापास झाला होता. आजच्या प्रेक्षकाला त्या काळाची माहिती हवी असेल तर तिच्यासाठी दुसरी भरपूर साधने आहेत, त्यामुळे अँतोनिओनींनी काय चुकीचे सांगितले यापेक्षा त्यांना काय दिसले, याकडे त्याचे लक्ष जाते.

येथे अँतोनिओनींच्याच एका आधीच्या चित्रपटाशी तुलना उपयोगी पडते. त्यांच्या ‘लाव्हेंतुरा’ची 1960 साली कानच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती, आणि दोनच वर्षांनी, 1962 मध्ये, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो जगातील सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या चित्रपटाला दोन वर्षे पुरली, याला कित्येक दशके लागली. माझ्या मते त्याचे कारण असे की ‘लाव्हेंतुरा’ रचनेमुळे नाकारला गेला होता. हरवलेली नायिका शेवटपर्यंत सापडत नाही, प्रसंग रेंगाळतात, उत्तर मिळत नाही, हे सारे तेव्हा नवे होते, आणि नव्या रचनेची सवय डोळ्यांना पाहता पाहता होते. ‘झॅब्रिस्की पॉइंट’मध्ये भांडण आशयावर होते, तेही एका जिवंत, जखमी समाजाविषयीच्या आशयावर. असे भांडण सवयीने मिटत नाही; ते मिटण्यासाठी त्या भांडणात स्वतः गुंतलेल्या माणसांना बाजूला व्हावे लागते.

दरम्यान चित्रपट लोकांच्या आठवणीत राहिला तो मुख्यतः संगीतामुळे. पिंक फ्लॉइडने त्यासाठी रोममध्ये मुक्काम ठोकून बरेच ध्वनिमुद्रण केले, पण अँतोनिओनी काही केल्या समाधानी होत नव्हते आणि अखेर त्यांतल्या अवघ्या तीन रचना चित्रपटात आल्या. वापरल्या न गेलेल्या रचनांपैकी रिचर्ड राइट यांनी पियानोवर बांधलेली एक सुरावट पुढे ‘अस अँड देम’ या गाण्याच्या रूपाने 1973 च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये आली, आणि तो अल्बम जगभर किती खपला हे सांगायला नको. प्रणयदृश्यासाठी ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या जेरी गार्सिया यांनी एकट्याने गिटार वाजवली. द डोअर्स या दुसऱ्या बँडनेही एक गाणे दिले होते, ते नाकारले गेले. परिणाम असा की चित्रपट न पाहिलेल्या हजारो रॉकप्रेमींना त्याचे नाव माहीत होते. 1997 मध्ये त्याच्या संगीताची, आधी न वापरलेल्या तुकड्यांसह, वाढीव आवृत्ती निघाली, आणि संगीताच्या मागोमाग कुतूहल चित्रपटापर्यंत पोहोचले. त्या जागेचीही अशीच गोष्ट. 1987 च्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर यूटू या रॉक बँडचे चौघे सदस्य ज्या उजाड टेकड्यांपुढे उभे आहेत, त्या झॅब्रिस्की पॉइंटच्याच.

नायकाच्या आयुष्याने चित्रपटावर एक वेगळीच छाया टाकली. फ्रेशेट बॉस्टनमधल्या फोर्ट हिल या सामूहिक वस्तीत राहत असे. ऑगस्ट 1973 मध्ये त्याने तिथल्याच दोघांसह बॉस्टनमधील एका बँकेवर दरोडा घातला. त्याच्या बंदुकीत गोळ्या नव्हत्या. त्याच्या साथीदारांपैकी एक जण पोलिसांच्या गोळीने मेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना गोवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाची चौकशी दूरचित्रवाणीवर पाहून आलेल्या संतापातून, व्यवस्थेचा निषेध म्हणून आपण हे केले, असे त्याने नंतर सांगितले. 1975 साली तुरुंगात व्यायाम करताना वजनाचा दांडा गळ्यावर पडून तो मेला, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या, राजकीय सभांना कंटाळलेल्या आणि एकट्यानेच काहीतरी करायला निघालेल्या तरुणाची भूमिका त्याने केली होती. 1970 च्या समीक्षकांना जी व्यक्तिरेखा पोकळ आणि बनावट वाटली, तिच्यात आणि त्या माणसात फारसे अंतर नव्हते, हे नंतरच्या प्रेक्षकांना ठाऊक असते. त्याने अभिनय सुधारत नाही, पण त्याचे ते ताठर, अवघडलेले बोलणे आता एखाद्या दस्तऐवजासारखे ऐकले जाते. हे चित्रपटाच्या गुणवत्तेत धरावे का, याबद्दल मला शंका आहे. प्रेक्षकाच्या मनात बाहेरून आलेली माहिती कलाकृतीच्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार आहे आणि जुन्या चित्रपटांच्या बाबतीत तो सर्रास घडतो.

चित्रपटाच्या खऱ्या जमेच्या बाजूकडे मात्र पहिल्या प्रदर्शनाच्या गोंधळात बहुतेकांचे लक्ष गेले नाही. अँतोनिओनींचा कॅमेरा माणसांपेक्षा जास्त वेळ लॉस एंजेलिसच्या जाहिरातफलकांवर रेंगाळतो. मार्कची मोटार त्या प्रचंड रंगीत फलकांच्या मधून जाते तेव्हा शहर म्हणजे केवळ विक्रीसाठी मांडलेली पृष्ठभागांची रांग वाटू लागते. ‘सनी ड्यून्स’च्या जाहिरातपटात वाळवंटातले सुखी कुटुंब चक्क दुकानातल्या बाहुल्यांचे आहे. कंपनीचे अधिकारी वाळवंटाचे तुकडे आणि नफा यांची चर्चा करतात आणि त्यांच्या काचेच्या कार्यालयाबाहेर क्षितिजापर्यंत शहर पसरलेले दिसते. 1970 साली विद्यार्थी आणि पोलीस हा चित्रपटाचा मुख्य विषय वाटत होता. आज पाहताना जमीन हा मुख्य विषय वाटतो. डॅरिया ज्या फिनिक्सकडे निघाली होती, त्या शहराची लोकसंख्या 1970 मध्ये 5 लाख 80 हजारांच्या आसपास होती आणि 2020 मध्ये 16 लाखांच्या वर गेली. झॅब्रिस्की पॉइंट हे नावदेखील डेथ व्हॅलीतून टाकणखार काढणाऱ्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीच्या ख्रिश्चन झॅब्रिस्की या अधिकाऱ्याचे आहे. ज्या जागी दोन तरुण जीव जगापासून मुक्त झाल्याचे मानतात, तिच्यावर आधीच एका खाणकंपनीचे नाव लागलेले आहे, आणि तिथला माहितीफलक ती दोघे चित्रपटात वाचतातही.

दिग्दर्शकाच्या पुढील वाटचालीनेही मदत केली. करारातला तिसरा चित्रपट, जॅक निकल्सन असलेला ‘द पॅसेंजर’, 1975 मध्ये आला आणि तोही वाळवंटात सुरू होतो. 1977 च्या दिल्लीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी अँतोनिओनी भारतात आले होते. सत्यजित राय आणि अकिरा कुरोसावा यांच्यासोबत ताजमहालापाशी घेतलेले त्यांचे छायाचित्र आपल्याकडच्या चित्रपटरसिकांच्या परिचयाचे आहे. म्हणजे एक चित्रपट कोसळल्याने त्यांच्या प्रतिष्ठेला फारसा तडा गेला नव्हता. दिग्दर्शकाचे नाव टिकले की त्याचे अपयशही जपून ठेवले जाते, संग्रहात राहते, त्याच्या एकूण कामाचे सिंहावलोकन करणाऱ्या महोत्सवांत दाखवले जाते. त्याच सुमारास तरुणांवर निघालेले आणि तितकेच आपटलेले इतर अनेक चित्रपट आज कोणी शोधूनही पाहत नाही, कारण त्यांच्या दिग्दर्शकांच्या कामाची अशी सिंहावलोकने होत नाहीत. पुनर्मूल्यांकनाची संधी सर्वांना सारखी मिळत नाही.

म्हणून ‘झॅब्रिस्की पॉइंट’ ही गैरसमजाला बळी पडलेली श्रेष्ठ कलाकृती होती, असे जे अलीकडे उत्साहाने म्हटले जाते, ते मला पटत नाही. नायक-नायिकेचे संवाद तेव्हा नीरस होते आणि आताही आहेत. मधला अर्धा तास ढिला आहे. पण सुरुवातीची सभा, शहराचे फलक, विमानाने मोटारीच्या टपावरून घिरट्या घालण्याचा खेळ आणि तो शेवट, एवढ्यावर चित्रपटाला जागा मिळते ती योग्यच आहे.

त्या शेवटाबद्दल मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे. चित्रपट 2009 मध्ये डीव्हीडीवर आला आणि त्यानंतर स्फोटांचा तेवढाच तुकडा इंटरनेटवर स्वतंत्रपणे फिरत असतो. कित्येकांनी या चित्रपटाचे फक्त तेवढेच पाहिलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर तो फार देखणा वाटतो, आणि नेमकी तीच गडबड आहे. सुमारे 110 मिनिटांच्या चित्रपटात फलक, बाहुल्या, कार्यालये आणि जमिनीचे सौदे इतका वेळ साचत गेलेले असतात की तो फ्रिज फुटतो तेव्हा प्रेक्षकाला त्याचा हिशेब माहीत असतो. तुटक पाहणाऱ्याला उडणारे रंग आणि पिंक फ्लॉइडची किंकाळी तेवढी मिळते, म्हणजे 1970 मध्ये चळवळीतल्या तरुणांनी ज्यासाठी अँतोनिओनींना दोष दिला होता, तेच: जाहिरातीसारखे सुंदर काहीतरी.